वायना पिच्चू : आधी पाणी, मग शिखर

सह्याद्रीतले गड चढायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. माथ्यावर पोचलं की आमच्या गटातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टाकं कुठंय?" बुरूज, दरवाजे, देऊळ सगळं त्यानंतर. पेरूला जायचं ठरलं तेव्हाही माझ्या डोक्यात तोच प्रश्न होता. माचू पिच्चू ही इंका साम्राज्याची जुनी दगडी नगरी २,४३० मीटरवर आहे, आपल्या भाषेत सांगायचं तर दोन शिखरांमधली माची. उरुबाम्बा नदी तिच्या तीन बाजूंनी वळसा घेते, पण ती चारशे मीटर खाली. मग वरची माणसं पाणी कुठलं भरत होती?

माझी धाकटी बहीण शिकागोला असते. तिला प्रश्न वगैरे काही नव्हता, तिला एक फोटो हवा होता. आमच्या साताऱ्याच्या घरात तिने एका जुन्या कॅलेंडरचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. समोर दगडी नगरी आणि मागे वायना पिच्चूचा हिरवा सुळका. तिला ते दृश्य समोर उभं राहून पाहायचं होतं आणि मला त्या सुळक्यावर चढायचं होतं. दोघींचं एका तिकिटात भागेल असं मी धरून चालले, आणि तिथे चुकले. कसं ते पुढे येईलच.

तयारी

"माचू पिच्चूला ट्रेक करायचाय" असं म्हणताना नेमकं काय करायचंय ते आधी ठरवा, कारण वाटा बऱ्याच आहेत. चार दिवसांची इंका वाट साधारण ४२ किलोमीटरची. वार्मीवान्युस्का नावाची तिची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर आहे. या वाटेवर रोज फक्त ५०० जणांना सोडतात आणि त्यात हमाल, स्वयंपाकी, वाटाडे सगळे धरलेले असतात, त्यामुळे परवाने कित्येक महिने आधी संपतात. परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. फेब्रुवारीत वाट बंदच असते. याच वाटेचा शेवटचा तुकडा रेल्वेच्या १०४ किलोमीटरच्या खांबापासून एका दिवसात चालता येतो, त्यालाही परवाना लागतो.

बहिणीची रजा मोजकी असल्यामुळे आम्ही नगरीला लागून असलेल्या दोन डोंगरांपैकी एक निवडायचं ठरवलं. माचू पिच्चू डोंगर, म्हणजे 'म्हातारं शिखर', सुमारे ३,०८० मीटर. वायना पिच्चू, म्हणजे 'तरुण शिखर', सुमारे २,६९०. म्हाताऱ्यावर नगरीपासून साडेसहाशे मीटर चढायचं, जवळजवळ आतकरवाडीतून सिंहगडाची एक फेरी, पण विरळ हवेत. तरुणावर अडीचशे मीटरच, मात्र ते जवळजवळ उभे. आम्ही तरुण निवडला. त्याची तिकिटं कोरड्या महिन्यांत फार लवकर जातात. मी मे महिन्याच्या शेवटची तिकिटं जानेवारीत काढली, माणशी २०० सोल (पेरूचं चलन).

चार महिने दर रविवारी सिंहगड केला. चढायला नव्हे, उतरायला. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते आणि वायना पिच्चूवर सगळ्या पायऱ्याच आहेत.

दोन गोष्टी इथून जाणाऱ्यांनी लिहूनच ठेवाव्यात. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. माझ्याकडे होता. आणि पेरूहून भारतात परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते. ते कार्ड नसेल तर परतल्यावर विलगीकरणात बसवू शकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते.

दिवस १ : कुस्कोला उतरून लगेच खाली

कुस्को हे इकडचं मोठं शहर ३,४०० मीटरवर आहे. लिमाहून, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून, विमान सव्वा तासात तुम्हाला तिथे आणून सोडतं आणि शरीराला काही कळायच्या आत डोकं धरतं. म्हणून आम्ही कुस्को शेवटी ठेवलं आणि विमानतळावरून टॅक्सीने थेट ओयांतायतांबो गाठलं. ते गाव २,८०० मीटरवर आहे. हे मला आमच्या गटातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने सुचवलं होतं आणि सगळ्या आखणीत हाच निर्णय सर्वांत उपयोगी ठरला.

दोन तासांच्या रस्त्यात चिंचेरोचं पठार लागतं. कापणीला आलेली क्विनोआची लालभडक शेतं, मातीच्या विटांची घरं आणि लांब बर्फाची रांग. टॅक्सीवाल्या काकांनी गाडी थांबवून आम्हाला खाली उतरवलं, "श्वास घ्या, हळू चाला," एवढंच म्हणाले. दहा पावलांत मला धाप लागली.

गावात आमच्या घरमालकिणीने दारातच कोकाच्या पानांचा चहा पुढे केला. गवती चहा आणि वाळक्या पाल्याच्या मधली चव. मला त्याहून मुन्याचा काढा आवडला. डोंगरउतारावर उगवणारी पुदिन्याच्या जातीची ही वनस्पती, वास मात्र थोडा ओव्याकडे झुकणारा. रात्री क्विनोआचं सूप, बटाटा आणि गाजर घातलेलं, गरमागरम. डोकं दुखत होतं, पण झोप लागली.

(कोकाची पानं किंवा त्या चहाच्या पुड्या आठवण म्हणून सामानात टाकू नका. भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे ती बेकायदा आहेत.)

दिवस २ : ओयांतायतांबो

पहाटे मला पाण्याच्या आवाजाने जाग आली. वाटलं पाऊस आहे. खिडकी उघडली तर आभाळ स्वच्छ आणि खाली गल्लीत, भिंतीला लागून, दगडी पाट खळाळत होता. गावाच्या जुन्या भागात जवळजवळ प्रत्येक गल्लीला असा पाट आहे. इंकांनी आखलेल्या गल्ल्या, त्यांच्याच पायाच्या भिंती, आणि त्यांत आजही राहणारी माणसं. एक आजी पाटाच्या कडेला बसून पालेभाजी धूत होत्या. मी टाकं शोधायला आले होते आणि इथे पाणी दारातून वाहत होतं.

सकाळी सरावासाठी पिंकुइयुना चढलो. गावाच्या मागचाच डोंगर, तिकीट नाही, वाट अरुंद आणि निसरडी. वर इंकांची धान्याची कोठारं आहेत. ती मुद्दाम वारा लागेल अशा उंच कड्यावर बांधली, म्हणजे मका आणि बटाटा टिकावा. समोर गावापलीकडे किल्ल्याच्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं एका नजरेत येतात. धाकटीला उंचीची थोडी भीती वाटते, म्हणून मुद्दाम तिला इथे आणलं होतं. ती एकदाही बसली नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी किल्ला पाहिला. आम्ही खोऱ्यातल्या ठिकाणांचं दोन दिवसांचं एकत्र तिकीट घेतलं, ७० सोलला. वर सूर्यमंदिराच्या जागी गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. त्यांची खाण नदीच्या पलीकडच्या डोंगरात. म्हणजे दगड तो डोंगर उतरवायचे, नदी पार करायची आणि पुन्हा इकडे चढवायचे. काही शिळा वाटेतच राहिल्या. त्यांना तिथले लोक 'थकलेले दगड' म्हणतात. मी एकीला हात लावून थोडा वेळ उभी राहिले.

याच जागी मांको इंका या इंका राजाने स्पॅनिश घोडदळाला १५३७ च्या सुमारास परतवून लावलं. ते कसं, तर पाट फोडून खालच्या मैदानात पाणी सोडलं आणि घोडे चिखलात रुतले. इतिहासात असं वाचलं की मला लगेच तिथे उभं राहून पाट कुठून फोडला असेल ते पाहावंसं वाटतं. पाहिलं. उतार अगदी तसाच आहे.

संध्याकाळी गावाबाहेर एका घरावर काठीला लाल फडकं बांधलेलं दिसलं. त्याचा अर्थ, घरात चिचा, म्हणजे मक्याचं आंबवलेलं पेय, तयार आहे. आंबूस, फेसाळ, मोठ्या ग्लासात. घरातल्या बाईंनी आधी चार थेंब जमिनीवर सांडले, पाचामामासाठी, म्हणजे धरित्रीमातेसाठी. आमचे अण्णा जेवायच्या आधी ताटाभोवती चित्राहुती घालायचे ते मला आठवलं. धाकटीनेही न सांगता आपल्या ग्लासातले थेंब खाली सांडले. दोघी एकमेकींकडे पाहून गप्प झालो.

तिथेच शेजारच्या बाकावर नुकतीच माचू पिच्चूहून आलेली एक स्पॅनिश मुलगी भेटली. आमचं तिकीट पाहून तिने धाकटीला जे सांगितलं त्याने तिचा चेहरा उतरला. "ताई, आपल्या तिकिटात तो फोटो नाहीये."

झालं होतं असं. जून २०२४ पासून नगरीत फिरायचे तीन मार्ग आणि त्यांचे दहा उपमार्ग केलेत. ज्या मार्गाचं तिकीट त्याच मार्गाने चालायचं, एकाच दिशेने, मागे वळायचं नाही. पहिला मार्ग वरच्या शेतांवरून जातो. कॅलेंडरवरचं दृश्य तिथून दिसतं, म्हातारं शिखर त्यालाच जोडलंय, पण त्या तिकिटावर नगरीच्या आत उतरता येत नाही. दुसऱ्या मार्गात वरचं दृश्यही आहे आणि नगरीही. तिसरा मार्ग खालच्या अंगाने नगरीत शिरतो. वायना पिच्चू या तिसऱ्यात येतो आणि त्यातून ते दृश्य दिसत नाही. मी शिखर पाहून तिकीट काढलं होतं, मार्ग पाहिलाच नव्हता.

शिखर हवं असेल तर आधी मार्ग वाचा, हे सांगण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसले. जमलं तर दोन तिकिटं काढा, एक दुसऱ्या मार्गाचं आणि एक डोंगराचं, सलग दोन दिवसांची. नियम दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात, तेव्हा काढायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

नशिबाने आम्ही पावसासाठी एक दिवस हातचा ठेवला होता.

दिवस ३ : रांग

पहाटेच्या रेल्वेगाडीने आग्वास कालिएन्तेस हे माचू पिच्चूच्या पायथ्याचं गाव गाठलं. पावणेदोन तास नदी सोबतीला असते आणि डोंगर हळूहळू अंगावर येतात. कोरडी झुडपं संपून एकदम ओलं जंगल सुरू होतं, झाडांच्या फांद्यांवर शेवाळाच्या दाढ्या. गाडीत थोडंच सामान नेता येतं, त्यामुळे मोठ्या बॅगा ओयांतायतांबोलाच ठेवल्या होत्या.

या गावात रोज दुसऱ्या दिवसाची १,००० तिकिटं प्रत्यक्ष खिडकीवर विकतात. सकाळी रांगेचा नंबर घ्यायचा, दुपारी येऊन पैसे भरायचे. पासपोर्ट हातात हवा. आम्ही गाडीतून उतरून धावतच गेलो. पुढे कितीतरी लोक होते. धाकटी नंबराचा कागद मुठीत धरून बसली, जणू उडून जाईल.

मधल्या वेळात बाजाराच्या वरच्या मजल्यावर जेवलो. पांढऱ्या मक्याचं उकडलेलं कणीस, दाणे अंगठ्याच्या नखाएवढे, सोबत खारट चीजचा जाड तुकडा. शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. बटाटा, मका, क्विनोआ, घेवडा सगळीकडे मिळतं. फक्त सूप मागवताना 'कोंबडीचं पाणी नको' असं वेगळं सांगावं लागतं.

दुपारी खिडकीवर दुसऱ्या मार्गाची दोन तिकिटं मिळाली, १५२ सोलला एक, दुसऱ्या दिवशी दुपारी १ ची वेळ. धाकटीने खिडकीमागच्या बाईंना हात जोडून नमस्कार केला. त्यांनीही हसून हात जोडले.

दिवस ४ : पाऊस आणि पान

गावातून वर जायला बस आहे, दोन्ही वेळचे मिळून माणशी २४ डॉलर, आणि अर्ध्या तासाची नागमोडी वळणं. दाराशी एका वाटाड्याशी ठरवलं. चाळिशीचा, आई-वडिलांची भाषा केचुआ, आमच्याशी अर्धं इंग्रजी आणि धाकटीसाठी अर्धं स्पॅनिश. दाराबाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेत नाहीत आणि स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे, तेव्हा ते आधी उरकून घ्या. खाणं आत न्यायचं नाही, पाणी पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीत न्यायचं. काठीला रबरी टोपण हवं.

वरच्या शेतांवर पोचलो तर समोर काहीच नव्हतं. पांढरं धुकं, फक्त पांढरं. आणि पाच मिनिटांत पाऊस आला. मेमध्ये पावसाळा संपलेला असतो, पण या जंगलाच्या कडेला सर कधीही येते. वर्षाला जवळजवळ २,००० मिलिमीटर पाऊस पडतो इथे. लोक प्लॅस्टिकचे रेनकोट ओढून भिंतींना चिकटले.

मी मात्र खाली जमिनीकडे पाहत होते. वीस मिनिटं चांगला पाऊस झाला आणि पायाशी एक डबकं साचलं नाही. शेताच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा नाही, चिखल नाही. वाटाड्याला विचारलं तेव्हा त्याचा चेहराच खुलला. इतका वेळ तो फोटो कुठे काढायचे ते सांगत होता, आता हातवारे करून जमिनीखालचं सांगू लागला. प्रत्येक पायरीत सर्वांत खाली मोठे दगड, त्यावर खडी आणि वाळू, आणि वर खोऱ्यातून उचलून आणलेली काळी माती. मधल्या पटांगणाखाली दगड घडवताना निघालेल्या कपच्यांचा जाड थर. भिंतींमधून पाणी जायला सव्वाशेहून जास्त तोंडं ठेवली आहेत. त्याने एक दाखवलं, मग मला दिसतच गेली. केनेथ राइट नावाच्या अमेरिकी जलअभियंत्याने इथे वर्षानुवर्षं मोजमाप केली. या नगरीच्या बांधकामातलं सुमारे साठ टक्के काम जमिनीखाली आहे, असा त्याचा अंदाज. म्हणजे ज्याला आपण माचू पिच्चू म्हणून पाहतो त्याहून मोठं माचू पिच्चू आपल्या पायाखाली आहे. १४५० च्या सुमारास पाचाकुती या इंका सम्राटासाठी हे उभं राहिलं. लोखंडी हत्यार नाही, चाकाची गाडी नाही. भूकंपाचा आणि दरडींचा डोंगर, आणि पाऊस आजही त्यांनी ठरवलेल्या वाटेनेच जातो.

मी हे ऐकत असताना धाकटीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. धुकं फाटत होतं. आधी सुळक्याचं टोक, मग त्याचा खांदा, मग ओल्या दगडांची छपराविना घरं, एकेक करत. कपाटाच्या दाराचं पान. तिने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि खाली घेतला. बराच वेळ ती नुसतीच उभी होती. मीच शेवटी दोन फोटो काढले.

दिवस ५ : वायना पिच्चू

या तिकिटावर नगरीत शिरायची आणि डोंगर चढायची अशा दोन वेगळ्या वेळा असतात, दोन्ही पाळाव्या लागतात. आम्ही पहाटे पाचच्या आधी बसच्या रांगेत होतो. कालचाच वाटाडा बरोबर.

नगरीच्या उत्तर टोकाला एक खोपटं आहे. तिथे वहीत नाव, वय, देश आणि निघायची वेळ लिहून सही करायची. उतरल्यावर पुन्हा सही, म्हणजे वर कुणी राहिलं तर कळावं. मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडच्या गर्दीच्या अवघड गडांवर ती असावी असं मला मनापासून वाटतं. पानावर आमच्या वर एकाहत्तर वर्षांच्या जपानी आजोबांची नोंद होती. धाकटीने ती दोनदा वाचली.

वाट आधी खाली खिंडीत उतरते आणि मग चढायला लागते. पायऱ्या दगडी, उंचीला वेगवेगळ्या, कडेला धरायला पोलादी दोर. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला वरच्या टप्प्यातला उभेपणा नवा वाटणार नाही. फरक असा की तिथे हात घालायला खोबण्या आहेत, इथे वरच्या पायऱ्या इतक्या अरुंद की पाऊल आडवं ठेवावं लागतं. आणि कालच्या पावसाने दगड ओले होते. मी धाकटीला पुढे ठेवलं, मी मागे. "खाली बघू नकोस, पुढच्या पायरीकडे बघ," हे तिला लहानपणी अजिंक्यताऱ्यावर सांगायचे तेच सांगत होते. अर्ध्या वाटेवर ती थांबली, कपाळ दगडाला टेकून. मी काही बोलले नाही. वाटाड्याने खिशातून लिंबाची गोळी काढून तिला दिली. पाच मिनिटांनी ती स्वतःच म्हणाली, "चल."

शिखराच्या जरा खाली शेतं आहेत. हो, त्या कड्यावरही हातभर रुंदीच्या पायऱ्या बांधून ठेवल्यात. मग एक बोगदा लागतो, दोन प्रचंड शिळांमधली फट, त्यातून वाकून सरपटत जायचं. पाठीवरची पिशवी पुढे घेतली तरच निघतं. बाहेर आलो ते थेट माथ्यावर. चढायला एक तास दहा मिनिटं लागली.

खाली नगरी तळहाताएवढी. काल चाललो ती शेतं, पटांगण, बसचा नागमोडी रस्ता, आणि सगळ्याला वेढून जाणारी नदी. वरून पहिल्यांदा कळलं की त्यांनी हीच जागा का निवडली असेल. वाटाड्याने खिशातून कोकाची पानं काढली, तीन निवडून पंख्यासारखी बोटांत धरली, त्यांवर फुंकर घातली आणि एकेका शिखराचं नाव घेतलं. शिखरं म्हणजे 'आपू', राखणदार. मग ती पानं दगडाच्या फटीत ठेवली. माझ्या हातातही तीन दिली. त्रिदळ धरायची सवय असलेल्या हाताला काही शिकवावं लागलं नाही. मी सह्याद्रीचं नाव घेतलं.

उतरताना मी जवळजवळ निम्म्या पायऱ्या बसून उतरले. लाज बाळगू नका, ओल्या दगडावर तेच शहाणपणाचं. आणखी एक, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डासांचं मलम लावा. बारीक माश्या चावलेलं कळत नाही आणि खाज आठवडाभर जात नाही.

खोपटात सही केली आणि मग वाटाड्या म्हणाला, "आता तुमचं पाणी." सकाळी नगरीतल्या सूर्यमंदिरापाशी घाईघाईने पुढे काढताना त्याने मला लांबून नुसता आवाज ऐकवला होता. तिथे परत जाता येत नव्हतं, पण त्याने सकाळी मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण उघडलं आणि दोघं सावलीला बसलो. म्हाताऱ्या शिखराच्या उत्तर अंगाला एक झरा आहे. तिथून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट उताराचा हिशेब ठेवत नगरीत आणला आहे. पुढे एकाखाली एक अशी सोळा कुंडं. पहिलं कुंड सम्राटाच्या वाड्याच्या दाराशी, म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी त्याला. मग तेच पाणी खालच्या पंधरा कुंडांतून उतरत जातं. नदी चारशे मीटर खाली राहिली, तिच्याकडे त्यांना जावंच लागलं नाही.

मला एक गोष्ट खटकली. कुंडं अगदी लहान, आणि वरून पडणारी धार बोटाएवढी, दगडाला न चिकटता पुढे पडणारी. आपली घागर त्या कुंडात धड बसणारही नाही. "भरत कशात होते?" असं विचारलं. तो म्हणाला, "कुस्कोला जाताय ना? तिथे बघा." आणि सांगेना.

गावात परत पायऱ्यांनी उतरलो, सव्वा तास. बसचं परतीचं तिकीट वाया गेलं, पण जंगलातून उतरताना केशरी डोक्याचा कॉक-ऑफ-द-रॉक पक्षी दिसला, पेरूचा राष्ट्रीय पक्षी. त्याची भरपाई झाली.

दिवस ६ : कुस्को

कुस्कोला आता धाप लागली नाही. सान पेद्रोच्या बाजारात फळांचा रस प्यायलो. ग्लास रिकामा झाला की मावशी भांड्यात उरलेला रस परत ओततात, त्याला 'यापा' म्हणतात. मंडईत भाजी घेतल्यावर वर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी पिशवीत पडते, तसंच. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड पाहिला. कोरीकांचा, इंकांचं मुख्य सूर्यमंदिर, ज्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी मठ बांधला. १९५० च्या भूकंपात वरचा मठ बराच कोसळला आणि खालच्या इंका भिंती जशाच्या तशा राहिल्या.

शेवटी कासा कोंचा हे संग्रहालय. हायरम बिंगहॅम हा अमेरिकी संशोधक १९११ मध्ये माचू पिच्चूला पोचला आणि पुढच्या मोहिमांत त्याने तिथल्या वस्तू येल विद्यापीठात नेल्या. त्या शंभर वर्षांनी पेरूला परत मिळाल्या आणि आता या जुन्या वाड्यात आहेत. गर्दी जवळजवळ नव्हती. भांडी, हाडं, कापडावर लावायच्या पिना असं पाहत पाहत आम्ही एका कपाटापाशी आलो.

आत एक मातीचं भांडं होतं. लांब निमुळती मान, फुगीर पोट, आणि बूड टोकदार. पोटाच्या दोन बाजूंना खाली दोन कान आणि पुढे वरच्या अंगाला प्राण्याच्या डोक्यासारखी एक गाठ. दोर कानांतून ओवून त्या गाठीवरून घ्यायचा आणि भांडं पाठीवर मारायचं. टोकदार बूड मातीत रोवलं की उभं राहतं. आणि मान एवढी अरुंद, की बोटाएवढी धारच तिच्यात नेमकी पडेल.

"ताई," धाकटी म्हणाली, "ही घे तुझी घागर."

मी काचेला नाक लावून पाहिलं. एका कानाची आतली कड दोराने घासून गुळगुळीत झालेली दिसत होती.